सरी म्हणजे हो नव्हे

माझा धाकटा भाऊ इंजिनीयरिंग कॉलेजात प्रोफेसर होता. माणसाला न कापता त्याच्या आतलं चित्र कसं काढायचं, यावर त्यानं जन्म घालवला. मी चौथी शिकले, तीही कानडी शाळेत. मराठी लिहायला-वाचायला आईनं घरी शिकवलं. तेव्हा त्याच्या कामातलं मला फार कळत होतं असं कुणी समजू नये. पण एका घरात राहिलं की कानावर पडतंच, आणि घरी तो बोलायचा तो माझ्याशीच, कारण दुसरं कुणी नव्हतं.

नवरा गेल्यावर मी त्याच्याकडे जयनगरला राहायला आले. त्यानं लग्न केलं नाही. बहिणीसाठी राहिला, असं आमचे लोक म्हणायचे. तसं काही नव्हतं. त्याला वेळेवर सुचलं नाही, आणि पुढं कुणी विचारायला आलं नाही.

एकदा मी बाजारातून फणस आणला होता. तो म्हणाला, ‘अक्का, न फोडता आत गरे कुठं कुठं आहेत ते सांग.’ मी वाजवून बघितला आणि म्हटलं, पिकलाय एवढं सांगते, बाकीचं फोडल्यावर. त्यावर त्यानं मला त्याचं काम समजावलं. यंत्र चहूबाजूंनी किरण सोडतं. प्रत्येक बाजूनं किती किरण पलीकडे निघाले ते मोजायचं आणि त्या आकड्यांवरून गणित करून आतलं चित्र उभं करायचं. जितक्या जास्त बाजूंनी बघाल तितकं चित्र साफ. पण तितके किरण माणसाच्या अंगात जातात, यंत्रही तितकं महाग होतं. कमी बाजूंनी बघून तेवढंच साफ चित्र निघालं पाहिजे, हा त्याचा ध्यास होता. तसं झालं तर आनेकलसारख्या गावातल्या दवाखान्यातही असं यंत्र ठेवता येईल, असं तो म्हणायचा.

त्याच्या हाताखाली संशोधन करायला मुलं यायची. त्यांना घ्यायचं कसं, याचे नियम होते. आधी लेखी परीक्षा, मग कमिटीपुढं मुलाखत. एकदा कुणा वजनदार माणसाच्या पुतण्याला घ्या म्हणून वरून फार जोर आला. पुतण्या एम.एस्सी. होता, डोक्यानं यथातथाच. भावानं त्याला नाही म्हटलं नाही. त्यानं नियम करवून घेतला की एम.एस्सी. होऊन येणाऱ्याला पदवीच्या तिन्ही वर्षांत गणित असलंच पाहिजे. पुतण्याला तिसऱ्या वर्षी गणित नव्हतं. अंगाचं माप घेऊन कपडा शिवावा तसा तो नियम त्याच्यासाठी शिवलेला होता. भाऊ महिनाभर खुशीत होता. मीही होते.

मग ती मुलगी आली. नव्वद सालानंतरची गोष्ट आहे. शहरात स्कॅनिंगची खासगी सेंटरं तेव्हा नुकती निघायला लागली होती. ती नागपूरची, फिजिक्स घेऊन एम.एस्सी. झालेली, अशाच एका सेंटरात यंत्रावर काम करायची. भावाला गणितासाठी यंत्रातले आकडे हवे होते. सेंटरच्या डॉक्टरांनी परवानगी दिली आणि आकडे भरलेल्या टेपा घेऊन तिला घरी पाठवलं. टेपांवर पेशंटची नावं नसायची, नुसते नंबर.

रविवारी सकाळी दारात उभी राहिली. मी कानडीत विचारलं, कोण पाहिजे. तिनं हिंदीत काहीतरी सांगायला सुरुवात केली. तेवढ्यात आतून भावानं विचारलं, ‘अक्का, कोण आलंय गं?’

ती म्हणाली, ‘अरे बापा, तुम्ही मराठी आहात काय? मग मी काहून हिंदी बोलून राहिली?’

हे मराठी आहे हे कळायलाच मला वेळ लागला. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. मराठी घरापुरतं, बाकी सगळीकडे कानडी, आणि घरातल्या मराठीतही निम्मं कानडी. आम्हाला ते जाणवत नाही. बाहेरून कुणी आलं की मग कळतं.

पहिले काही रविवार ती टेप द्यायची, पाणी प्यायची आणि जायची. भाऊ तिच्याकडे नीट बघतही नसे. त्या दिवसांत तो एका चित्रावर अडला होता. कुणा बाईच्या डोक्याचं चित्र होतं. त्यात नाकापासून सगळीकडे पांढरे पट्टे फाकलेले, साळिंदराच्या काट्यांसारखे. आपल्या गणितातच चूक आहे असं धरून तो कागदांवर कागद भरत होता. जेवायला हाक मारली तरी उठत नसे. शेवटी एका रविवारी कंटाळून त्यानं ते चित्र तिच्यापुढं धरलं आणि विचारलं, यंत्रात काही बिघाड होता का.

तिनं चित्र बघितलं आणि जीभ चावली. ‘सर, ही माझी चूक आहे.’

यंत्रात जाताना अंगावर धातू ठेवायचा नसतो. ती बाई म्हणजे देवनहळ्ळीकडची म्हातारी. नाकात मुगुती, आपल्याकडची चमकी म्हणा. लग्नात घातलेली, फिरकी तशीच घट्ट बसलेली. ती निघेना, आणि म्हातारी जोर लावू देईना. नवऱ्याच्या जिवाची आहे म्हणाली, आणि नवरा बाहेर बाकावर चांगला धडधाकट बसून शेंगा खात होता.

‘आजी रडायला लागल्या ना सर. मी म्हटलं, राहू द्या.’

‘मग हे तेव्हाच का नाही सांगितलं?’

‘तुम्ही कधी बोलतच नव्हते माझ्याशी. कोणाला सांगू?’

भाऊ हसायला लागला. त्याच्या हसण्याला आवाज नसायचा, फक्त खांदे हलायचे. एवढे दिवस मी एका मुगुतीचं गणित करत होतो, असं म्हणाला आणि मला सांगितलं, ‘अक्का, हिला जेवायला वाढ.’

तेव्हापासून ती दर रविवारी जेवायला असायची. सकाळी दोघं टेबलाशी बसत. तो सांगेल ते ती करायची, पण का करायचं हे विचारल्याशिवाय करायची नाही. भावाला याची सवय नव्हती. त्याची पोरं माना डोलवायची. तो चिडायचा, मग समजावायचा, आणि समजावता समजावता कधी कधी त्यालाच नवं सुचायचं. दुपारी पान वाढलं की बोलणं थांबायचं.

आमच्या दोघींचं स्वयंपाकघरात जमायचं नाही, म्हणजे भाषेचं. एकदा मी वांग्याची भाजी केली, तर म्हणाली, वरून थोडा सांबार टाका ना. मी म्हटलं, सांबार भातावर घालतात, भाजीवर कोण घालतं. ती म्हणाली, अहो, कच्चा सांबार. कच्चा सांबार म्हणजे काय ते मला कळेना. शेवटी तिनं ओट्यावरची कोथिंबिरीची जुडी उचलून माझ्या नाकासमोर धरली. नागपुरात कोथिंबिरीला सांबार म्हणतात म्हणे. तिलाही आमचं हसू यायचं. मी ‘स्वल्प थांब’ म्हटलं की दोन्ही हात जोडून, ‘बरं अक्का, स्वल्प थांबते,’ म्हणायची. आधी मला काकू म्हणत होती. मीच म्हटलं, इथं काकू कुणी म्हणत नाही.

वर्षभरानं भावानंच विषय काढला. यंत्राची बटणं दाबण्यात जन्म घालवू नको, माझ्याकडे संशोधनाला ये, म्हणाला. तिला तेच हवं होतं, पण तोंडानं मागितलं नव्हतं. लेखी परीक्षा तिनं दिली आणि चांगली पास झाली. मुलाखत राहिली. ती म्हणजे नुसता उपचार, असं आम्ही तिघंही धरून चाललो होतो.

मुलाखतीच्या महिनाभर आधीच्या रविवारी ती आली ती गंभीर होती. सेंटरनं नवं यंत्र घेतलं होतं. ते शिकायला तिला मद्रासला पाठवणार होते. जायचं तर पुढं काही वर्षं नोकरी सोडणार नाही असं लिहून द्यायचं, नाही तर ते दुसरा माणूस घेणार. दुसऱ्या दिवशी जबाब द्यायचा होता. भाऊ खिडकीपाशी उभा राहून एक फिल्म उजेडात धरून बघत होता. ती त्याच्या मागे उभी राहिली.

‘सर, एक विचारायचं होतं. माझं गणित दोनच वर्षं आहे. आमच्याकडे तिसऱ्या वर्षी तीनातले दोन विषय ठेवावे लागत, मी गणित सोडलं. ते चालेल ना? चालत असेल तर मी उद्या सेंटरला नाही म्हणून सांगते.’

भाऊ म्हणाला, ‘सरी, सरी.’

तिचा चेहरा उजळला. ती वाकून त्याच्या पाया पडली, तेव्हा तो दचकला, हातातली फिल्म सांभाळली आणि पुन्हा खिडकीकडे वळला.

हा शब्द परक्या माणसाला समजावून सांगायला हवा. कानडीत सरी म्हणजे ठीक, बरोबर. ती इथं आल्यापासून दुकानात, रिक्षात तो ऐकत होती. रिक्षावाला सरी म्हणाला की रिक्षा हलते, एवढं तिनं बघितलं होतं. पण आमच्या घरात सरी म्हणजे हो नव्हे. तो नुसता हुंकार आहे. ऐकतोय, पुढं बोल, किंवा आता पुरे कर. उद्या दूध येणार नाही म्हणून दूधवाला सांगून गेला तरी सरी. कुणी गेल्याची बातमी आली तरी आधी तोंडातून सरी निघतं, मग हळहळ. शब्द तिला आमच्याच शहरानं शिकवला होता, पण अर्धा.

मी तिथंच लसूण सोलत बसले होते. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. पाया पडली ते मुलाखतीसाठी आशीर्वाद म्हणून, असं मला वाटलं. गणिताचं ती बोलली ते मी ऐकलं, पण पुतण्याचा नियम काय होता ते कुठं लक्षात राहायला.

मुलाखतीच्या दिवशी भाऊ घरी आला आणि कपडे न बदलता खुर्चीत बसला. कॉफी ठेवली, ती निवली. मी विचारलं, झालं का तिचं. तो म्हणाला, तिला तिसऱ्या वर्षी गणित नाही.

‘मग?’

‘मग काय? नियम आहे.’

‘नियम तुझाच ना?’

‘म्हणून तर,’ तो म्हणाला.

थोड्या वेळानं त्यानं सगळं सांगितलं. कमिटीतल्या एकानं तिचे कागद बघून गणिताचं काढलं; भावानं ते आधी कधी बघितलेच नव्हते. हा तोच, ज्याच्या मार्फत पुतण्याचा निरोप आला होता. तो काही वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला की, हुशार उमेदवार आहे, प्रोफेसरांनी शब्द टाकला तर सवलत देता येईल. आणि सगळे भावाकडे बघत राहिले. एक वाक्य बोलायचं होतं, की ही मुलगी गणितात कमी नाही, मी स्वतः बघितलंय. ती समोर बसलेली होती. तीही त्याच्याकडेच बघत होती.

‘बोलला का नाहीस?’

तो म्हणाला, ‘अक्का, ती आपल्या घरी जेवते.’

त्याचं म्हणणं मला कळलं होतं. मराठी मुलगी, दर रविवारी प्रोफेसरांच्या घरी, बहिणीच्या हातचं जेवण. तिच्यासाठी नियम वाकवला असता तर दुसऱ्या वर्षी पुतण्या दारात उभा राहिला असता, आणि त्याला नाही म्हणायला याच्यापाशी तोंड उरलं नसतं. हेच वाक्य तो कुणा अनोळखी मुलीसाठी खुशाल बोलला असता. ती टेप देऊन दारातूनच जात राहिली असती, माझ्या ताटावर बसली नसती, तर तिचं काम झालं असतं. जेऊ घातल्यानं कुणाचं नुकसान होतं हे मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

पुढच्या रविवारी ती येणार नाही असं मला वाटलं होतं. ती आली. हातात टेप नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. बसली नाही.

‘सर, मी तुम्हाला आधीच विचारलं होतं ना. तुम्ही सरी म्हणाले.’

भावाला आठवेना. तो खरंच आठवत होता, ढोंग करत नव्हता. मग मीच त्याला खिडकीची आणि फिल्मची आठवण दिली. तो म्हणाला, ‘सरी म्हणालो असेन. म्हणजे ऐकलं म्हणालो.’

‘ऐकलं म्हणजे चालेल असं नाही काय?’

‘नाही.’

‘मी तर नोकरी सोडली ना, सर.’

त्याला हे माहीतच नव्हतं. त्यानं चष्मा काढून हातात धरला. सेंटरच्या डॉक्टरांना फोन करतो म्हणाला. ती म्हणाली, तिथं दुसरा मुलगा घेतला, तो मद्रासला गेलासुद्धा. मग भाऊ म्हणाला, एक वर्ष थांब, गणिताचा तिसऱ्या वर्षाचा पेपर बाहेरून दे, पुढच्या वर्षी ये, तुझी जागा कुठं जात नाही. तिनं विचारलं, वर्षभर मी राहू कुठं आणि खाऊ काय. मी म्हटलं, इथं राहा. म्हटल्याबरोबर दोघांनी माझ्याकडे असं बघितलं की माझं मलाच कळलं. जेवण्यावरून एवढं झालं, राहायला आली असती तर त्या कमिटीत काय झालं असतं.

मला भावाचा राग आला आणि मी त्याला कानडीत झापलं. तिला कळू नये म्हणून कानडीत. म्हटलं, दगडाच्या आतलं दिसतं तुला, पाठीमागे उभी राहून बोलते ती पोर दिसत नाही, तोंडातून सरी निघालं ते तुझं तुला ऐकू येत नाही.

तीच म्हणाली, ‘परवागिल्ल, अक्का.’

म्हणजे, राहू दे, काही हरकत नाही. तिला कानडी चांगलं येत होतं. त्या एका शब्दाखेरीज सगळं येत होतं.

आठवड्याभरात ती नागपूरला गेली. तिकडे तिच्या शेजाऱ्यांकडे फोन होता, तो नंबर मला देऊन गेली. भावाला दिला नाही.

सेंटरमधून नवा मुलगा टेपा आणून द्यायचा. चांगला होता, वेळेवर यायचा. का, कशाला, असं काही विचारायचा नाही. भाऊ रविवारी टेबलाशी एकटा बसायचा आणि पुष्कळदा मधेच मान वर करायचा. मी विचारलं काय पाहिजे, तर काही नाही म्हणायचा. त्या वर्षी त्याचं काम फारसं पुढं गेलं नाही. त्याचं कारण हेच, असं मी म्हणत नाही. कामं अशीही अडतात.

वर्षानं त्यानं कमिटीत भांडून तो नियम बदलून घेतला. तिसऱ्या वर्षी गणित नसेल त्यानं खात्याची गणिताची परीक्षा द्यावी, पास झाला तर मुलाखतीला यावं, असं ठरलं. दुसऱ्यांनी किती विरोध केला हे त्यानं मला दोन दिवस सांगितलं. त्या वजनदार माणसाचा पुतण्या एव्हाना दुसरीकडे कुठं चिकटला होता, त्यामुळे त्या बाजूचा धोका गेला होता. हेही त्यानं सांगितलं, पण हळू आवाजात. मग म्हणाला, तिचा नंबर दे.

आमच्या घरी तेव्हा फोन बंद पडला होता, म्हणून आम्ही कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवर गेलो. मी बरोबर गेले, कारण त्याला परक्याच्या घरी फोन करून कुणाला तरी बोलावून घ्या म्हणायला जमत नसे. ते मी केलं. ती येईपर्यंत फोन चालू ठेवला. काचेच्या खोपट्यात दोघांना उभं राहायला जागा नव्हती, म्हणून ती आल्यावर मी बाहेर आले. दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे त्याचं बोलणं ऐकू येत होतं.

त्यानं नियमाचं सांगितलं, सगळी कलमं सांगितली. परीक्षेत काय काय असेल ते सांगितलं. त्यातलं तुला सगळं येतं, म्हणाला. मग बराच वेळ तो ऐकत होता. मधे एकदा म्हणाला, ‘हो का?’ पुन्हा ऐकत राहिला. मग म्हणाला, ‘नाही, अजून पट्टे आहेतच.’ एवढ्यावर फोन ठेवला.

बाहेर येऊन म्हणाला, ‘येत नाही ती.’

‘का येईल?’ मी म्हटलं.

चालता चालता त्यानं सांगितलं. ती एका शाळेत शिकवते. फिजिक्सला जागा नव्हती, गणिताला होती, म्हणून नववी-दहावीला गणित शिकवते. तिथं कुणी तिला तिसऱ्या वर्षाचं विचारलं नाही. बरं चाललंय म्हणाली. आणि चित्रं साफ यायला लागली का, हे तिनंच विचारलं.

मी त्याला दोष दिला नाही, आजही देत नाही. तो लबाड असता तर तिचं भलं झालं असतं, एवढंच मला दिसतं, आणि ते दिसून काही उपयोग नाही. त्याचा शोध पुढं काही वर्षांनी पुरा झाला. परदेशातल्या मासिकात छापून आला. तोवर बाहेरच्या कंपन्यांची यंत्रंच स्वस्त झाली आणि आनेकलला त्याच्या गणिताची गरज उरली नाही. त्याचं त्याला वाईट वाटलं असेल.

फोन केला त्या दिवशी घरी आल्यावर तो टेबलाशी बसला आणि मी पोळ्यांची कणीक भिजवली. मुलाखतीच्या वर्षी तिच्या जागी कुणाला घेतलं, ते मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. घेतलं असेल कुणाला तरी. जागा रिकामी ठेवत नाहीत.